उन्हानं शिजवलेला गुलकंद

आमच्या घरात दोन चुली होत्या आणि मी दोन्हींकडे जेवत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात माझं अंग असं काही भरलं, की शाळेतले सहकारी म्हणायचे, संसार मानवला बुवा तुम्हाला. त्यांना काय सांगणार? आईकडे जेवलो नाही तर आई रुसायची. बायकोकडे जेवलो नाही तर ती रुसत नसे, नुसती बघायची, आणि ते बघणं मला जास्त जड जायचं.

दोन चुली म्हणजे आईची कोळशाची शेगडी आणि बायकोचा रॉकेलचा स्टोव्ह. औरंगपुऱ्यात आमचं भाड्याचं घर होतं. पुढे ओसरी आणि दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे लहानसं परसू आणि वर गच्ची. स्वयंपाकघरात एका भिंतीला शेगडी, समोरच्या भिंतीला स्टोव्ह. दोघी एकाच वेळी रांधायला बसल्या की पाठीला पाठ लागायची. पण शेगडीवरचं अण्णा खायचे आणि स्टोव्हवरचं खायचे नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील.

कारण साधं होतं, आणि त्या काळी ते कुणाला फार विचित्रही वाटत नसे. आमचं घराणं आधी भिक्षुकीचं, मग कारकुनीचं. बायको शेतकऱ्याच्या घरची, खुलताबादच्या पलीकडच्या गावातली. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो, मी मराठी आणि ती विज्ञान. जातीबाहेरचं लग्न म्हटल्यावर घरात आकांत होईल म्हणून मी कंबर कसून तयार होतो. पण अण्णा ओरडले नाहीत, त्यांनी घराबाहेरही काढलं नाही. त्यांनी फक्त आपला कायदा सांगितला. "राहा दोघं इथंच. पण तिच्या हातचं, पाण्यात शिजलेलं मी खाणार नाही. माझं पान वेगळं आणि माझं पाणी वेगळं."

अण्णांच्या या कायद्यात सगळा विटाळ पाण्यातून यायचा. फळ कुणाच्याही हातचं चालायचं. दूध, दही, तूप, साखर, खारीक, शेंगदाणे, सगळं चालायचं. वरण, भात, भाजी, भाकरी यांना मात्र पाणी लागलेलं, म्हणून ते आपल्या माणसाच्या हातचंच हवं. त्यांच्या पिण्याचा तांब्याचा हंडा आई स्वतः भरायची. जेवायला बसले की ते उजव्या हाताची ओंजळ पुढे करायचे, आई त्यात तांब्यानं पाणी घालायची, ते पानाभोवती पाणी फिरवायचे, एक घोट घ्यायचे आणि मग पहिला घास. या आपोष्णीचं पाणी आईशिवाय दुसऱ्या कुणी घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि गंमत अशी, की हाच माणूस तोंड उघडलं की अर्धा उर्दू बोलायचा. निजामाच्या अमदानीत त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं, नोकरी तहसील कचेरीत गेली. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, अण्णांची जीभ काही बदलली नाही. सकाळी संध्या करायची आणि ती आटोपली की "चहाचा इंतजाम आहे का?" म्हणून विचारायचं. दोन्ही त्याच सुरात.

ते बायकोशी थेट बोलत नसत. "तिला सांग" असं मला म्हणायचे. तीही काही कमी नव्हती. तिनं लगेच ती रीत उचलली. "मामंजींना सांगा" असं मला म्हणायची. शाळेत ती पुस्तकात छापल्यासारखी मराठी बोले, घराचा उंबरा ओलांडला की माहेरची बोली. तिघं एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर, आणि मी मधे बसून टपालखातं चालवतोय. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत हसू दाबायची.

मला हसू येत नव्हतं. मला संताप यायचा. बाहेर वर्गात मी मुलांना समतेचे धडे शिकवायचो आणि घरी येऊन निरोप्याचं काम करायचो. स्टेशनकडे एक खोली मी बघूनही ठेवली होती. बायकोला म्हटलं, चल, उद्या निघू.

ती म्हणाली, "मी त्यांच्या पानापाशी रांगत जाणार नाय, आन भांडून घर बी सोडणार नाय. दिवाळीपातूर बघू. उद्या लेकरू व्हईल. त्यानं आजाच्या ताटात जेवायचं का नाय, ह्याचा निकाल त्याच्या आधी लागला पायजे. नाय लागला तर तुमची खोली हायेच."

म्हणजे दिवाळीपर्यंतची मुदत. मी ती मान्य केली. आईला हे माहीत होतं. अण्णांना माहीत नाही असं आम्ही समजत होतो.

चैत्रात तिच्या माहेराहून गुलाब आले. तिच्या वडिलांकडे गावठी गुलाबाचे वाफे होते. फिकट गुलाबी फूल, पाकळ्या विस्कटलेल्या, दिसायला अगदी गबाळं, पण वास असा की एसटीतून टोपली उतरवली तर अर्धं स्टँड वळून बघे. ही फुलं तिचे वडील खुलताबादला दर्ग्यासमोरच्या फुलवाल्यांना घालायचे. बहर जास्त आला की उरलेल्या फुलांचा घरात गुलकंद व्हायचा. ती टोपली आमच्याकडे आली.

अण्णा ओसरीत बसले होते. नाकात वास गेला. "तिला विचार, दर्ग्यावरची फुलं आहेत का?"

"मामंजींना सांगा, झाडावरची हायेत. दर्ग्याला बी गेली नायत आन देवाला बी."

अण्णांनी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

गुलकंदाचं काम म्हटलं तर सोपं, म्हटलं तर किचकट. पाकळ्या सुट्ट्या करायच्या, देठाकडचा पांढरा भाग आणि किडकी पाकळी काढून टाकायची, सावलीत कापडावर पसरून त्यांच्यावरचा ओलावा जाऊ द्यायचा. मग काचेच्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, कुटलेल्या खडीसाखरेचा एक थर, असं गळ्यापर्यंत भरत जायचं. तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात. दिवसाआड कोरड्या लाकडी उलथन्यानं ढवळायचं. पाकळ्या आपलंच पाणी सोडतात, साखर विरघळते आणि दिवसेंदिवस सगळं काळपट तांबूस होत जातं. वरून पाण्याचा एक थेंब पडला की बुरशी आलीच समजा. त्यामुळे बायको बरणीला हात लावायच्या आधी हात पुसून पुन्हा पदराला पुसायची.

अण्णा रोज सकाळी धोतर वाळत घालायला गच्चीवर जात. बरणी आल्यापासून त्यांचं धोतर वाळत घालणं लांबायला लागलं. एकदा मी वर गेलो तर ते बरणीपुढे उकिडवे बसले होते आणि ती हळूच फिरवून तिची दुसरी बाजू उन्हाकडे करत होते. मला बघून म्हणाले, "तिला सांग, दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली पडते. बरणी पलीकडं उन्हात सरकव म्हणावं." मी सांगितलं. तिनं सरकवली. त्या दिवशी स्टोव्हला पंप मारताना ती गुणगुणत होती.

वैशाखात आमच्याकडचं ऊन काय असतं ते इथं राहिलेल्यालाच ठाऊक. अण्णांचं तोंड आलं. जीभ, गाल, सगळीकडे फोड. पोटही साफ नाही. आईचा वरण-भातसुद्धा त्यांना झोंबायला लागला. पूर्वी असं झालं की ते एका हकीमाकडून गुलकंद आणायचे. पण हकीम वारले होते आणि त्यांच्या दुकानात आता चपला मिळत होत्या.

दोन दिवस अण्णा नुसत्या ताकावर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला पुढ्यात बसवून घेतलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तिला विचार, त्या बरणीत पाणी किती?"

"मामंजींना सांगा, थेंब नाय."

"विस्तव?"

"नाय लावला."

"ढवळायला?"

"लाकडाचं उलथनं. कोरडं."

अण्णांनी तीन बोटं मोजली. एकेक मुद्दा तपासल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते म्हणाले, "हकीमसाहेब याला आफताबी गुलकंद म्हणायचे. आफताब म्हणजे सूर्य. विस्तवावर करतात तो वेगळा, हा सूर्यानं केलेला. म्हणजे हा सूर्यनारायणानं शिजवलाय. तिनं नुसता ठेवलाय."

बायको माझ्याकडे वळली. "मामंजींना सांगा, सूर्यनारायण रोज सकाळी बरणी जिन्यानं वर नेत नव्हता."

हे मी सांगितलं नाही. अण्णांनी ते ऐकलं होतं, पण मी सांगितलं नसल्यामुळे त्यांच्या लेखी ते ऐकलेलं नव्हतं.

आईला मात्र राहवलं नाही. "आणि हकीमाचा गुलकंद कुणी केला होता, हे विचारलं होतं का कधी?" ती म्हणाली.

"औषधाला सोवळं-ओवळं नसतं," अण्णा म्हणाले. पडत्या फळाची आज्ञा झाली. बायकोनं बरणी आणली, चमच्यानं गुलकंद वाटीत काढला आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

आठवड्यात तोंड बरं झालं. गुलकंदानं झालं, ताकानं झालं की आपोआप झालं, हे मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं. ती म्हणाली, गुलाबाच्या पाकळीत तुरट गुण असतो, तो तोंडाला बरा, शिवाय पोट हलकं होतं. "पर साखर ती साखरच. जेवल्यावर चमचाभर. जास्त नाय. सांगा त्यांना." मी सांगितलं. अण्णांनी मान डोलावली.

त्या दिवसापासून घरात थोडं मेतकूट जमायला लागलं. दुपारच्या जेवणानंतर अण्णा "तिला सांग, आफताबी" म्हणायचे आणि वाटी यायची. बायको मला एकट्याला गाठून म्हणाली, "मामंजींचा कायदा म्हंजी उलटी गाळणी हाय. पाणी तेवढं आडतं, बाकी समदं जातं."

तिच्या स्टोव्हवर तेव्हा काय काय शिजायचं, ते सांगायला पाहिजे. मी शहरात वाढलेला. फुलं देवाला वाहायची नाहीतर वेणीत घालायची, एवढंच मला माहीत. तिच्या माहेरी फुलं पानात पडत. माघात शेवग्याला फुलं आली की चादर पसरून झाड हलवायचं, फुलं उकडून पिळून घ्यायची, कांदा आणि हिरवी मिरची घालून त्यात बेसन पेरायचं. थोडी कडवट, थोडी मशरूमसारखी लागणारी ती भाजी मी पहिल्यांदा तिच्या हातची खाल्ली आणि शेवग्याच्या शेंगेबद्दलचा माझा आदर कमी झाला. केळफुलाची भाजी करायची तर आदल्या दिवशी हाताला तेल लावून एकेक कणी सोलत बसायचं. हे काम आई आणि ती मिळून करायच्या, आणि केलेल्या भाजीतली अर्धी आई शेगडीच्या आडोशाला बसून गुपचूप खायची. तिच्या मते अण्णांचा कायदा अण्णांपुरता होता. थंडीत करडईच्या वाळक्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून तिची आजी गुडघ्यांसाठी प्यायची. बायको मला म्हणाली होती, पोटुशी बाईला मात्र ते द्यायचं नाही.

शेवग्याच्या फुलात चुना आणि लोह, भोपळ्याच्या फुलात डोळ्यांना चांगलं अ जीवनसत्त्व, हादग्याचं फूल पित्तावर, हे सगळं ती वर्गात शिकवावं तसं मला शिकवायची. पण तिचा एक नियम पक्का होता, जो ती अजूनही शेजारच्या सुनांना सांगते. फूल सुंदर आहे म्हणून ते खायचं नसतं. कण्हेर, धोतरा सुंदरच असतात. ज्या फुलाची भाजी आपल्या आजीनं केली, तेच तव्यावर घालायचं. बाजारातला लांब दांड्याचा गुलाब तर मुळीच नाही, त्याच्यावर औषधाचे फवारे मारलेले असतात. परवा एका हॉटेलात नातीच्या वाढदिवसाला केकवर फूल लावून आणलं, तर हिनं वाढप्याला बोलावून फूल कुठून आणलं म्हणून इतकं विचारलं, की तो बिचारा आत मालकाला विचारून आला. तोवर केकला कुणी हात लावू शकलं नाही.

असो. श्रावणात परसातल्या भिंतीवर तांबड्या भोपळ्याचा वेल चढला होता. रोज सकाळी पिवळीजर्द फुलं. बायको त्यातली लांब देठाची नर फुलं तेवढी खुडायची. ज्या फुलाच्या मागे बारीकसा भोपळा दिसतो ते मादी फूल, त्याला हात लावायचा नाही. त्यांची भजी तळली की वास सरळ ओसरीत जायचा. अण्णा जपमाळ ओढत बसलेले असत. एके दिवशी माळ थांबली आणि ते छताकडे बघून बोलायला लागले.

"आम्ही दौऱ्यावर जायचो, तेव्हा कुणाच्याही घरची दशमी चालायची. दुधात मळलेली. पाणी नाही, म्हणून."

आत बायकोचा झारा थांबला.

"दह्यात भिजवलेलं बेसन," अण्णा छताला म्हणाले, "तुपात तळलं, तर कायदा आड येऊ नये."

छतानं काही उत्तर दिलं नाही. आईनं मात्र उठून आपली तुपाची बरणी स्टोव्हपाशी नेऊन ठेवली. तूप म्हणजे आईचा जीव, मोजून वाढायची. त्या दिवशी तिनं हात आखडला नाही. दह्यात भिजवलेल्या बेसनात बुडवून तुपात तळलेली भोपळ्याच्या फुलांची भजी अण्णांनी पानभर खाल्ली, वर बशीतला चुरा बोटानं टिपून खाल्ला. आणि मग आईनं भरलेल्या हंड्यातलं पाणी प्यायले.

मला वाटलं, आता झालंच. बायकोला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "भजी खाल्ली म्हणून काय झालं? माझ्या हातचं पाणी कुठं प्याले?"

तिचं खरं होतं. पोळा झाला, गणपती आले आणि गेले. अण्णा गुलकंद खात होते, भजी खात होते, आणि वरण-भात शेगडीवरचाच. खोलीच्या मालकानं निरोप पाठवला होता, येणार आहात ना? मी कळवलं, दिवाळीनंतर.

गणपतीनंतर अण्णांना सारखी तहान लागायला लागली. आईचा हंडा संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायचा. अंगात त्राण नाही, धोतर सैल झालेलं. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासणीत लघवीत साखर निघाली, रक्तातही निघाली.

डॉक्टरांनी विचारलं, "गोड काय खाता?"

"गोड मी खातच नाही," अण्णा म्हणाले. "औषध म्हणून गुलकंद घेतो."

"किती?"

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. मग घरी येऊन आम्हाला कळलं, की माहेराहून आलेली दुसरी बरणीही तळाला गेली होती. जेवल्यावर चमचाभर हा सरकारी हिशेब होता. दुपारी सगळे शाळेत गेले आणि आईचा डोळा लागला की ते वाटी घेऊन बसायचे.

गुलकंद बंद झाला. साखर, गूळ बंद. तळलेलंही बंद, तुपातलं तर आधी. ज्वारीची भाकरी, भाज्या, डाळी, एवढंच खायचं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की गुलकंदामुळं हा आजार आलेला नाही, तो आधीच येऊन बसला असणार, गुलकंदानं त्याचा पाहुणचार केला इतकंच. पण ते घरी कोण ऐकणार? बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिला रडताना त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं. सासऱ्याला विष घातलं असं लोक म्हणतील, म्हणाली. मीही मनातून घाबरलो होतो. अण्णांना बोट दाखवायला आयती जागा मिळाली होती.

अण्णा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले. त्या दारात ते सहसा येत नसत. मला वाटलं, आता मला काहीतरी तिला सांगायला लावतील, आणि मी ठरवलं की सांगायचं नाही.

ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तू चमचाच म्हणाली होतीस. वाटी माझी होती."

एवढं बोलून ते परत गेले. लग्न झाल्यापासून तिच्याशी बोललेले त्यांचे हे पहिले शब्द. ती तोंड पुसायची विसरून दाराकडे बघत राहिली.

पण त्यामुळे आमची अडचण सुटली नाही, उलट वाढली. अण्णांच्या कायद्यातून जेवढ्या वाटा मोकळ्या होत्या, त्या सगळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. साखरेची बंद, तुपाची बंद. उरलं होतं ते सगळं पाण्यात शिजणारं. म्हणजे पुन्हा फक्त शेगडी. बायकोनं आपली ट्रंक माळ्यावरून खाली काढली आणि पुसून ठेवली. दसरा जवळ आला होता.

परसात एक हादग्याचं झाड होतं. आश्विनात त्याला पांढरी, कोयरीसारखी वाकडी फुलं लटकायची. अण्णा सकाळी पूजेला त्यातली परडीभर तोडायचे आणि उरलेली स्वयंपाकाला. देवाचं आणि आमचं असं एकाच झाडावर चालायचं. हादग्याची भाजी अण्णांना चालणार होती, साखर नाही, तेल कमी, डॉक्टरांनीही हो म्हटलं होतं. तेव्हा ती आईनं करायला घेतली.

हादग्याच्या फुलाच्या पोटात एक लांब दांडा असतो. तो काढून टाकला नाही तर सगळी भाजी कडू होते. हे बायकोनं आईला केव्हाच दाखवलं होतं, आणि आईनं तिच्या शेजारी बसून ढिगानं फुलं साफ केली होती. तरी आईची भाजी कडूजहर झाली. अण्णांनी ती मुकाट्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडू. पाठीमागे स्टोव्हवर बायकोची भाजी शिजत असायची, तीच फुलं, मुगाची डाळ आणि मिरची घातलेली, आणि मी ती मिटक्या मारत खायचो. मुद्दाम मोठ्यानं मारायचो, खोटं कशाला बोलू?

दसरा झाला. दिवाळीला थोडेच दिवस उरले होते. एका रविवारी आईनं पुन्हा फुलं चिरायला घेतली, आणि अण्णा ओसरीतून म्हणाले, "दांडे राहू देतेस तू त्यात. मला मालूम आहे."

आई म्हणाली, "म्हातारी झाले. विसरते."

"तुझा हात एवढा वाईट कधीच नव्हता."

"मग चांगली कुठं मिळते, तेही मालूम असेल तुम्हाला," आई म्हणाली आणि विळी आडवी करून उठली. त्या दिवशी तिनं शेगडी पेटवलीच नाही. कोळसे तसेच काळे पडून राहिले.

 अण्णांनी मला विचारलं, "स्टेशनकडची खोली हवेशीर आहे का?"

 "बरी आहे," म्हणालो.

"हूं." ते उठले, हातपाय धुऊन आले, आणि स्वतःच्या नेहमीच्या जागी न बसता स्वयंपाकघरात गेले. बायकोच्या स्टोव्हसमोर मी जिथं बसायचो, तिथं माझ्याच पाटावर बसले. बायको भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला.

आईनं ताट आणलं. बायकोनं त्यात भाकरी वाढली, हादग्याची भाजी वाढली. पाण्यात शिजलेली भाजी, पाण्यात भिजवलेल्या पिठाची भाकरी. आई सवयीनं तांब्या घेऊन आपोष्णीला पुढे झाली. अण्णांनी ओंजळ केली होती, ती तिच्यापुढून बाजूला नेली.

आईनं तांब्या खाली ठेवला.

अण्णांचा हात हवेत होता. म्हातारा, डाग पडलेला. ते माझ्याकडे वळले. "तिला सांग..." म्हणाले आणि थांबले. मी वाट बघत होतो. मला एवढीच भीती वाटत होती, की हा माणूस आता हात मागे घेईल.

मग ते माझ्याकडून वळले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पाणी घाला."

बायकोनं पिठाचे हात धुतले. आपल्या कळशीतून तांब्या भरला, गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या ओंजळीत पाणी सोडायला लागली. पाणी ताटाबाहेर सांडत होतं. तिनं डोळे वर न करता माझ्या दिशेनं मान वळवली.

"मामंजींना सांगा," ती म्हणाली, "ओंजळ जरा खोल धरा म्हणावं. सांडतंय."

अण्णांनी ओंजळ खोल केली. मी काहीच सांगितलं नव्हतं. माझं काम संपलं होतं.